चारित्र्याचा दाखला

कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या बऱ्याच कारखान्यांत कामाला लागायचे तर आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि आयटीआयचे प्रमाणपत्र यांच्या जोडीला आणखी एक कागद मागतात, तो म्हणजे पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला. तळंदगे, कसबा सांगाव, हुपरी, पट्टण कोडोली इथली पोरे असोत की दूधगंगा ओलांडून निपाणीकडून येणारी, तो काढावाच लागतो. ठेकेदार तो फाइलला लावतो, मग गेटपास मिळतो. या इसमाविरुद्ध पोलिसांच्या दप्तरी गुन्हा नोंद नाही, एवढेच दाखला सांगतो. माणूस कसा आहे हे त्यातून कळत नाही. तरी एक गोष्ट त्यात चांगली आहे. कागद कोणता लागतो आणि तो कोण देतो हे सगळ्यांना माहीत असते, आणि नाकारला तर का नाकारला हे विचारता येते. पुढे कायम करण्याचा प्रश्न येतो तेव्हाही स्थायी आदेशांतली २४० दिवसांची तरतूद जुन्या कामगारांना तोंडपाठ असते.

याच वसाहतीतले काही कामगार, दोन-तीन लघुउद्योजक आणि कोल्हापुरातले काही वकील यांनी मिळून चालवलेल्या वाचनवर्गातून हे पुस्तक उभे राहिले. वर्गात पुन्हा पुन्हा येणारा प्रश्न साधा होता. आमची नोकरी, आमची जमीन, आमच्या पोरीचा खटला ज्या माणसाच्या एका सहीवर ठरणार, त्या हायकोर्टाच्या न्यायमूर्तीचे चारित्र्य कोण तपासतो, कशावरून तपासतो आणि त्याचे उत्तर कुठे लिहिलेले असते? हा प्रश्न कुणाच्या अपमानासाठी विचारलेला नव्हता. न्यायालयावर ज्यांचे पोट अवलंबून आहे त्यांनी तो विचारला होता, आणि त्याला सरळ उत्तर मिळायला हवे असे मला मनापासून वाटते.

कोल्हापूरला हा प्रश्न आता अधिक जवळचा झाला आहे. १७ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवसापासून कामकाज सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे तिच्या कक्षेत आले. चाळीस वर्षांहून अधिक काळ वकिलांनी आणि पक्षकारांनी त्यासाठी आंदोलने केली होती. कामावरून काढलेल्या कामगाराचे प्रकरण कामगार न्यायालयात जाते, तिथून औद्योगिक न्यायालयात आणि शेवटी रिट अर्जाने हायकोर्टात. या शेवटच्या पायरीसाठी रात्रीची महालक्ष्मी पकडून मुंबई गाठायची, दिवसभर कोर्टाच्या आवारात थांबायचे, आणि बोर्ड तिथपर्यंत पोहोचलाच नाही म्हणून पुढची तारीख घेऊन परतायचे, हे अनेकांनी वर्षानुवर्षे केले. त्यामुळे मुंबईतले न्यायमूर्ती म्हणजे निकालपत्रावरचे नाव, एवढीच ओळख होती. आता ते वीसएक किलोमीटरवर बसतात. त्यांचे बोलणे, ऐकून घेणे, वकिलाला झापणे, साक्षीपुराव्याचे कागद उलटणे हे सगळे लोकांना दिसते. कामगार घरी येऊन सांगतो की साहेबांनी आमचे पूर्ण ऐकले, किंवा ऐकले नाही. ही चारित्र्याचीच चर्चा आहे. फक्त ती नेमणूक झाल्यानंतर सुरू होते.

नेमणुकीआधी काय होते, ते पाहू. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१७ मध्ये उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशासाठी पात्रता दिली आहे. भारतीय नागरिकत्व हवे आणि दहा वर्षे न्यायिक पद किंवा दहा वर्षे उच्च न्यायालयातील वकिली हवी. चारित्र्याबद्दल तिथे एक अक्षर नाही. घटनाकारांना त्याचे महत्त्व कळले नव्हते असा याचा अर्थ नव्हे. २४ मे १९४९ रोजी संविधान सभेत न्यायाधीशांच्या नेमणुकीवर सविस्तर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दोन सूचना बाजूला ठेवल्या. नेमणुकांवर वरिष्ठ सभागृहाची संमती घ्यावी ही अमेरिकन धर्तीची सूचना त्यांना अडचणीची वाटली, कारण त्यात राजकीय दबाव शिरण्याची भीती होती. सरन्यायाधीशांच्या संमतीशिवाय नेमणूक होऊच नये ही दुसरी सूचनाही त्यांनी नाकारली. सरन्यायाधीश कितीही मोठे असले तरी शेवटी माणूसच, माणसाचे दोष आणि पूर्वग्रह त्यांच्याही ठायी असणार, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला, तो सल्लामसलतीचा. कोणाच्याही हाती अनिर्बंध अधिकार न देण्याची ही सावधगिरी मला या सगळ्या विषयाचा पाया वाटते, आणि पुढे आपण त्या पायापासून बरेच दूर गेलो.

सर्वोच्च न्यायालयाच्या ६ ऑक्टोबर १९९३ च्या निकालामुळे आणि १९९८ च्या सल्लामतामुळे नेमणुकीचा शेवटचा शब्द न्यायाधीशांच्या कॉलेजियमकडे आला. २०१५ मध्ये राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग घटनाबाह्य ठरल्यावर ती व्यवस्था कायम राहिली. व्यवहारात उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ न्यायाधीश नावे सुचवतात, राज्य सरकार मत देते, केंद्रीय कायदा मंत्रालय गुप्तचर विभागाकडून अहवाल मागवते, आणि सर्वोच्च न्यायालयाचे कॉलेजियम त्या उच्च न्यायालयाची माहिती असलेल्या आपल्या सहकारी न्यायाधीशांना विचारून निर्णय घेते. म्हणजे चारित्र्याची तपासणी होते, आणि बारकाईने होते. वकिलाची मिळकत पाहतात, निकाल वाचतात, वर्तन विचारतात, गुप्तचर अहवाल वाचतात. फक्त पक्षकाराला कुणी विचारत नाही, आणि निष्कर्ष कशाच्या आधारे काढला हे बाहेर येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये कॉलेजियमने मुंबईसह काही उच्च न्यायालयांच्या उमेदवारांना प्रत्यक्ष भेटायला सुरुवात केली. ही पद्धत चांगलीच आहे. पण त्या भेटीत काय विचारले गेले ते उमेदवार आणि कॉलेजियम यांनाच ठाऊक.

या बंद दाराचा त्रास फक्त जनतेला होतो असे समजू नये. ज्याची तपासणी होते त्यालाही होतो, आणि कधी कधी जास्त होतो. नागपूर खंडपीठातले अलीकडचे उदाहरण घ्या. न्या. पुष्पा गनेडीवाला या फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या अतिरिक्त न्यायाधीश झाल्या. अतिरिक्त न्यायाधीशाची नेमणूक जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी असते, मग कायम करायचे की नाही हे ठरते. त्यांना कायम करण्याची शिफारस जानेवारी २०२१ मध्ये झाली. पण १९ जानेवारीला त्यांनी एका मुलीच्या प्रकरणात पोक्सो या बालकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याखाली दिलेला निकाल बाहेर आला. कपड्यांवरून केलेल्या स्पर्शात त्वचेचा त्वचेशी संबंध येत नाही म्हणून तो लैंगिक हल्ला ठरत नाही, असा तो निकाल होता. देशभर संताप उसळला. २७ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो रद्द केला. दरम्यान कायम करण्याची शिफारस मागे घेण्यात आली, एका वर्षाची मुदतवाढ मिळाली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

तो निकाल चुकीचा होता, आणि ज्या मुलीवर अन्याय झाला तिच्या दृष्टीने क्रूर होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. चुकीचा निकाल अपिलात दुरुस्त होतो आणि झालाही. पण न्यायाधीशाला कायम का केले नाही, हा वेगळा प्रश्न आहे. एका निकालाची चूक हे कारण होते का? अशा खटल्यांकडे पाहण्याची एकूण दृष्टीच बालकांना धोकादायक आहे असे कॉलेजियमला आढळले होते का? की लोकांच्या संतापासमोर माघार घेतली? या तिन्ही कारणांचा अर्थ अगदी वेगळा आहे. पहिले कारण खरे असेल तर प्रत्येक अतिरिक्त न्यायाधीश दोन वर्षे जपून, लोकांना आवडतील असेच निकाल देईल. दुसरे खरे असेल तर तो योग्य आणि धाडसी निर्णय होता. कारण लिहिले गेले नाही म्हणून आपण आजही अंदाजच करत बसतो. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाप्रमाणे निवृत्तिवेतन मिळण्याचा हक्क मान्य केला, पण मूळ प्रश्न त्यात सुटत नाही, सुटणारही नव्हता.

अशीच घटना त्याच्या चाळीस वर्षे आधी दिल्लीत घडली होती. तिथल्या उच्च न्यायालयाचे अतिरिक्त न्यायाधीश एस. एन. कुमार यांच्या सचोटीबद्दल मुख्य न्यायमूर्तींनी शंका घेतली. पुण्यात जन्मलेले सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांचे मत मात्र त्यांना मुदतवाढ द्यावी असे होते. सरकारने ती दिली नाही. ३० डिसेंबर १९८१ च्या एस. पी. गुप्ता निकालात सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने या प्रकरणातला पत्रव्यवहार उघड करायला लावला. मुदतवाढ न देण्याचा निर्णय टिकला, पण त्या पत्रांमुळे देशाने पहिल्यांदा पाहिले की एका न्यायाधीशाचे चारित्र्य कसल्या आधारावर तोलले जाते. ऐकीव गोष्टी, कुणीतरी सांगितलेले, पडताळलेले किंवा न पडताळलेले. उघडेपणाने कुमारांना न्याय मिळाला की नाही यावर मतभेद राहतील. पण कागद समोर आल्यावर निदान वाद तरी खऱ्या मुद्द्यावर झाला.

गुप्त फाइलवर चारित्र्य ठरवण्याची ही सवय आपल्याकडे इंग्रजांच्या काळापासून आहे, आणि तिचा सर्वांत मोठा बळी ठरू शकला असता तो माणूस आपल्या कोल्हापूरचाच म्हणायला हवा. महादेव गोविंद रानडे यांचे बालपण इथे गेले, वडील कोल्हापूर संस्थानच्या सेवेत होते, आणि पुढे काही काळ रानड्यांनी या संस्थानात न्यायाधीश म्हणूनही काम केले. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडानंतर सरकारला पुण्यातल्या शिकलेल्या ब्राह्मणांचा संशय येऊ लागला. रानड्यांची बदली धुळ्याला झाली, त्यांची पत्रे फोडून वाचली जाऊ लागली. त्यांच्या पत्नी रमाबाईंनी आपल्या आठवणींत हा काळ नोंदवला आहे. रानड्यांवर कोणताही आरोप लावला गेला नाही, त्यामुळे उत्तर द्यायला त्यांना जागाच नव्हती. त्यांनी एकच केले, काम करत राहिले. दख्खनमधल्या कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठीच्या कायद्याखाली त्यांनी पुणे, सातारा, नगर, सोलापूर जिल्ह्यांत फिरून कनिष्ठ न्यायालयांची तपासणी केली, सावकार आणि कुणबी यांच्यातले हजारो कागद पाहिले. काशीनाथ त्र्यंबक तेलंगांच्या निधनानंतर १८९३ मध्ये त्याच सरकारने त्यांना मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश केले.

१८७९ चे संशयित आणि १८९३ चे न्यायमूर्ती, माणूस एकच. गुप्त अहवालाने त्यांच्याबद्दल जे सांगितले ते खोटे ठरले, त्यांच्या न्यायदानाने जे सांगितले ते खरे ठरले. मला यातून दिसते ते असे की न्यायाधीश होऊ पाहणाऱ्याचे चारित्र्य सगळ्यांत स्वच्छ दिसते ते त्याच्या दप्तरात. पण रानड्यांची गोष्ट इतकी सोपीही नाही. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या गृहस्थांनी १८७३ मध्ये, पहिली पत्नी वारल्यावर, वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. आज कुणी सुनावणी घेतली असती तर सगळ्यांत आधी हाच प्रश्न आला असता, आणि यायलाच हवा होता. विचार एक आणि वागणूक दुसरी, हा दोष सुधारकात गंभीर आहे. पण त्यावरून त्यांना न्यायासनापासून दूर ठेवले असते तर दख्खनच्या कुणब्यांचे नुकसान झाले असते. चारित्र्याची कोणती बाजू त्या पदाच्या कामाला भिडते आणि कोणती भिडत नाही, हे ठरवताना रानड्यांचे उदाहरण सतत डोळ्यांपुढे ठेवावे, अशी या पुस्तकाच्या वाचकांना माझी विनंती आहे.

अमेरिकेकडे पाहताना आपल्या मनात नेहमी दूरदर्शनवरच्या सुनावण्या येतात. त्यांची सुरुवात मात्र कागलच्या कामगाराला आपली वाटावी अशी आहे. जानेवारी १९१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी लुई ब्रँडाइस यांचे नाव सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवले. ब्रँडाइस अनेक सार्वजनिक खटले फी न घेता लढत. १९०८ मध्ये ओरेगॉन राज्यातल्या धुलाईखान्यांत बायकांकडून दिवसाला दहा तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये हा कायदा टिकावा म्हणून त्यांनी डॉक्टरांचे, कारखाना निरीक्षकांचे, समाजसेवकांचे अहवाल कोर्टापुढे ठेवले होते. सिनेटच्या समितीने त्यांच्या नेमणुकीवर साक्षी घेतल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या उमेदवारासाठी अशी उघड सुनावणी पहिल्यांदाच झाली. बोस्टनचे बडे वकील, माजी राष्ट्राध्यक्ष टाफ्ट आणि वकील संघटनेचे माजी अध्यक्ष त्यांच्या विरोधात उभे राहिले. आक्षेप होता चारित्र्यावर. चार महिने चाललेल्या या वादात त्यांच्या यहुदीपणाबद्दलचा द्वेष दबक्या आवाजात, पण सर्वत्र होता. १ जून १९१६ रोजी ४७ विरुद्ध २२ मतांनी नेमणूक मंजूर झाली.

श्रमिकांची बाजू घेणाऱ्या वकिलाला प्रतिष्ठितांनी चारित्र्यहीन म्हणणे ही नवी गोष्ट नाही. आपल्याकडे तर ती फार जुनी आहे, आणि तिच्याविरुद्ध उभा राहिलेला माणूस कागलच्या घाटगे घराण्यात जन्मला. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या राखून ठेवल्या. पुढे त्यांनी अस्पृश्य समाजातल्या लोकांना वकिलीच्या सनदाही दिल्या. कोर्टात उभे राहायला कोण लायक, कुणाची वागणूक सभ्य, कुणाची भाषा शुद्ध, हे ठरवणारे सगळे एकाच जातीचे असतील तर चारित्र्याच्या नावाखाली जातीचीच मोजदाद होते, हे त्यांनी ओळखले होते. २०१८ नंतर उच्च न्यायालयांत नेमल्या गेलेल्या न्यायाधीशांची सामाजिक पार्श्वभूमी केंद्र सरकारने संसदेत सांगितली आहे. त्यांतले तीन-चतुर्थांशहून जास्त खुल्या प्रवर्गातले आहेत. सहकारी न्यायाधीशांचे मत विचारून चारित्र्य ठरवायचे आणि सहकारी मात्र एकाच वर्तुळातले, ही अडचण कुणीतरी स्पष्ट मांडायला हवी होती. या पुस्तकातल्या एका लेखाने ती मांडली आहे.

अमेरिकेच्या पुढच्या सुनावण्यांबद्दल थोडक्यात. १९८७ मध्ये रॉबर्ट बोर्क ४२ विरुद्ध ५८ मतांनी फेटाळले गेले. त्यांनी दुकानातून कोणत्या व्हिडिओ कॅसेट भाड्याने नेल्या याची यादी वर्तमानपत्रात छापली गेली, आणि अशी यादी उघड करण्याविरुद्ध १९८८ मध्ये कायदा करावा लागला. १९९१ मध्ये अनिता हिल यांनी क्लॅरेन्स थॉमस यांच्यावर लैंगिक छळाचे आरोप केले, २०१८ मध्ये क्रिस्टीन ब्लेसी फोर्ड यांनी ब्रेट कॅव्हनॉ यांच्यावर. दोन्ही वेळा मतांचा फरक अगदी थोडा होता, दोघेही न्यायाधीश झाले, आणि बोलणाऱ्या स्त्रियांची उलटतपासणी आरोपीसारखी झाली. हा देखावा आपल्याकडे यावा असे मला वाटत नाही. पण त्या दोघींना निदान बोलायला जागा होती, हेही विसरता येत नाही. आपल्याकडे अशी तक्रार असलेल्या एखाद्या ज्युनिअर वकील मुलीने उमेदवाराबद्दल कुठे सांगायचे?

राजकारणाचा प्रश्न मुद्दामच शेवटच्या भागात घेतला आहे, कारण चर्चा नेहमी तिथेच सुरू होते आणि तिथेच संपते. कोल्हापूर बेंच सुरू होण्याच्या काहीच आठवडे आधी मुंबई उच्च न्यायालयासाठी आरती साठे यांच्या नावाची शिफारस जाहीर झाली, आणि त्या भारतीय जनता पक्षाच्या प्रदेश प्रवक्त्या होत्या यावरून विरोधी पक्षांनी आक्षेप घेतला. त्यांनी २०२४ च्या सुरुवातीलाच पद सोडले होते, असे पक्षाने सांगितले. नेमणूक झाली. पूर्वी पक्षात असणे हा चारित्र्यदोष ठरवायचा तर गोव्याचे फर्दिनो रिबेलो यांना वगळावे लागले असते. ते जनता पक्षाचे आमदार होते, पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि अलाहाबादचे मुख्य न्यायमूर्ती झाले. व्ही. आर. कृष्ण अय्यर केरळात मंत्री होते, आणि गरिबांसाठी कायद्याचा अर्थ लावणारे त्यांच्याइतके न्यायाधीश आपल्याकडे थोडेच झाले. राजकीय पार्श्वभूमी असलेल्या व्हिक्टोरिया गौरी यांच्या मद्रास उच्च न्यायालयावरील नेमणुकीला दिलेले आव्हान ७ फेब्रुवारी २०२३ रोजी सुनावणीला आले तेव्हा पात्रता तपासता येते, योग्यता नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने अर्ज फेटाळला. त्या पीठावर असलेल्या न्या. भूषण गवई यांनी आपल्याही राजकीय पार्श्वभूमीचा उल्लेख केला. त्यांचे वडील रा. सू. गवई हे रिपब्लिकन नेते होते.

त्याच वर्षी जुलैमध्ये राहुल गांधींचे प्रकरण गवईंसमोर आले. वडील काँग्रेसच्या जवळचे होते, भाऊ अजून राजकारणात आहे, तुमच्यापैकी कुणाची हरकत असेल तर सांगा, असे त्यांनी सुरुवातीलाच दोन्ही बाजूंना विचारले. कुणाची हरकत नव्हती. मला न्यायाधीशाच्या चारित्र्याची याहून चांगली खूण क्वचितच दिसली आहे. संबंध असणे हा दोष नाही, तो लपवणे हा दोष आहे. आपण मराठी माणसे रामशास्त्री प्रभुण्यांच्या एका निर्भय उत्तरावर न्यायाधीशाचे माप घेतो, आणि ती गोष्ट मोठीच आहे. पण असा प्रसंग एखाद्याच्याच वाट्याला येतो. बाकी सगळ्यांचे चारित्र्य रोजच्या कामात दिसते. नातेवाईक त्याच कोर्टात वकिली करतो का ते सांगणे, एकतर्फी स्थगिती देताना समोरचा कामगार गैरहजर का आहे हे विचारणे, राखून ठेवलेला निकाल महिनोन्महिने न अडवणे, स्वतः तोंडी मुद्दे मांडणाऱ्या अशिक्षित पक्षकाराला मध्येच न तोडणे. यातले बरेचसे वकील असतानाच्या वागणुकीवरून आधीच ओळखता येते.

कारण लिहून दिले की काय होते याचेही एक उदाहरण मुंबईचेच आहे. सोमशेखर सुंदरेसन यांच्या नावाला केंद्र सरकारने समाजमाध्यमांवरच्या त्यांच्या मतांवरून हरकत घेतली. १८ जानेवारी २०२३ च्या ठरावात कॉलेजियमने ती हरकत आणि तिचे उत्तर दोन्ही दिले आणि तो प्रसिद्ध केला. मत व्यक्त करण्याने कुणी अपात्र होत नाही, असे त्यात म्हटले होते. वाचणाऱ्याला दोन्ही बाजू समजल्या, उमेदवाराची अब्रू शाबूत राहिली, आणि त्याच वर्षीच्या अखेरीस नेमणूक झाली. याउलट साठे यांच्या वेळी प्रसिद्ध झालेल्या निवेदनात नावे होती, कारणे नव्हती. चार ओळींत कारण दिले असते तर आक्षेपांचे उत्तर तिथेच मिळाले असते, किंवा आक्षेप खरे असतील तर तेही दिसले असते.

चारित्र्याची अट कायद्यात लिहिणे अशक्य नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ च्या कायद्याने न्यायिक नियुक्ती आयोग स्थापन झाला आणि २००६ पासून तो काम करतो. निवड केवळ गुणवत्तेवर व्हावी आणि उमेदवार चांगल्या चारित्र्याचा असावा, असे त्या कायद्यातच आहे. चांगले चारित्र्य म्हणजे काय याची मार्गदर्शिका आयोग प्रसिद्ध करतो. गुन्हे, वाहतुकीचे दंड, दिवाळखोरी, कराच्या थकबाक्या, व्यावसायिक तक्रारी, सगळे उमेदवाराने स्वतः सांगायचे. सांगितलेली लहान चूक माफ होऊ शकते, लपवलेली महागात पडते. प्रश्न उघड, चौकशी खासगी, अशी ही विभागणी मला आपल्या स्वभावाला जुळणारी वाटते.

त्यासाठी घटनादुरुस्तीचीही गरज नाही. १६ डिसेंबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमणुकीच्या कार्यपद्धतीत पात्रतेचे निकष, पारदर्शकता, सचिवालय आणि तक्रारींची व्यवस्था या चार बाबी घालाव्यात असे सांगितले होते. सरकार आणि कॉलेजियम यांच्यात त्यावर एकमत झाले नाही. वाचनवर्गाने या पुस्तकाच्या शेवटी एका माहितीपत्रकाचा मसुदा दिला आहे, तो या चार बाबींतल्या पहिल्या आणि चौथ्या बाबीला धरून आहे. उमेदवाराचे कोणते नातेवाईक त्याच कोर्टात वकिली करतात, गेल्या पाच वर्षांत त्याने कामगार प्रकरणांत कोणकोणत्या बाजूंची वकीलपत्रे घेतली, वकील परिषदेकडे त्याच्याविरुद्ध कोणत्या तक्रारी झाल्या, हे त्यात आहे. सही करून माहिती देणाऱ्या कुणालाही तीस दिवस मुदत, उमेदवाराला उत्तराची संधी, आणि निर्णयानंतर एका पानात कारणे, अशी त्यांची मागणी आहे. एका कलमावर वर्गात एकमत झाले नाही. पत्नीच्या पोटगीची थकबाकी विचारावी की तो खासगी प्रश्न मानावा, यावर स्त्री कामगार आणि वकील मंडळी शेवटपर्यंत वेगवेगळ्या बाजूंना राहिली. दोन्ही मते मसुद्यात शेजारी शेजारी छापली आहेत. माझे मत स्त्री कामगारांच्या बाजूने आहे. कोर्टाचा हुकूम जो स्वतः पाळत नाही त्याने दुसऱ्यांना हुकूम देऊ नयेत असे त्यांनी मांडले, आणि त्यावर मला वकिलांचे पटेल असे उत्तर मिळालेले नाही.